अणू, रेणू आणि मागे राहिलेला परमाणू

पाण्याचा एक थेंब घ्यावा आणि त्याचे भाग करत जावे. पाण्याचे पाणीपण टिकून राहील असा शेवटचा, लहानात लहान कण हाती आला की त्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन घटक आढळतात. मराठी शाळेतला विद्यार्थी हे वाक्य 'पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात' असे लिहितो. गुजराती शाळेतला विद्यार्थी तेच 'पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात' असे लिहितो. हिंदी आणि बंगाली विद्यार्थ्यांचा कौलही गुजरातीच्या बाजूने. म्हणजे 'अणू' हा एकच शब्द, एकाच संस्कृत मुळाचा, लिपी थोडी बदलली की दुसऱ्याच वस्तूचे नाव होतो.

हा घोळ मला पहिल्यांदा उमगला तो गिरगावात. आम्ही लालबागचे, मे महिन्याची सुट्टी आत्याच्या बिऱ्हाडी वाडीत जायची. समोरच्या बिऱ्हाडातला गुजराती मुलगा माझ्याच इयत्तेत होता. आमचे भांडण क्रिकेटवरून न होता एकदा विज्ञानावरून झाले. मी 'अणू' म्हणत होतो ते त्याला चुकीचे वाटत होते आणि तो 'अणू' म्हणत होता ते मला हास्यास्पद वाटत होते. आत्याचे यजमान एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांनी दोघांच्या वह्या पाहिल्या आणि म्हणाले, "दोघांचं बरोबर आहे. फक्त एकाच कागदावर लिहू नका." तेव्हा हे उत्तर म्हणजे मोठ्या माणसांची पळवाट वाटली होती. पुढे मराठी शिकवू लागल्यावर कळले, की परिभाषेविषयी इतके नेमके वाक्य फार कमी लोकांनी उच्चारले असेल.

प्रश्न असा, की भारतीय परंपरेत 'परमाणु' हा तयार, घासूनपुसून सिद्ध झालेला शब्द असताना मराठीने तो बाजूला का ठेवला? आणि ठेवला तो बरे केले की वाईट?

प्रथम परंपरेकडे पाहू. वैशेषिक दर्शनात 'अणु' हे मुळात वस्तूचे नाव नाही. ते परिमाण आहे. अणु, महत्, ह्रस्व, दीर्घ अशी परिमाणे वैशेषिक सांगतात. मनालाही ते अणूच मानतात, कारण मन एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. या अणु-परिमाणाची पराकाष्ठा ज्यात होते, ज्याच्यापुढे विभागणी संभवत नाही, तो 'परम-अणु'. दोन परमाणूंचा द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्र्यणुक; आणि हा त्र्यणुकच काय तो डोळ्यांना दिसू शकतो. त्याचे दुसरे नाव त्रसरेणु. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जे कण तरंगताना दिसतात ते त्रसरेणु होत. मनुस्मृतीत वजनमापांची उतरंड सुरू होते तीही याच कणापासून.

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. दुपारच्या वेळी गॅलरीच्या जाळीतून उन्हाचा पट्टा आत येई आणि त्यात धूळ व कापसाचे तंतू संथपणे वरखाली होत. गिरणीतून परतलेल्या माणसांच्या केसांत आणि कपड्यांवर तोच कापूस असे. आज हिशेब केला तर अशा एका धूलिकणात लाखो कोटी अणू निघतील. वैशेषिकांच्या हिशेबात सहाच परमाणू होते. पण हा फरक केवळ आकड्यांचा आहे असे समजून चालणार नाही. 'कणादांनी सगळे आधीच सांगितले होते' असे म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे, आणि दुर्दैवाने तो मराठी विभागांतही आढळतो. कणादांचे परमाणू चार जातींचे आहेत: पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे. त्यांना रूप, रस, गंध, स्पर्श असे गुण आहेत. मडके भाजले की त्याचा रंग बदलतो तो नेमका कुठे, परमाणूत की अख्ख्या मडक्यात, यावर वैशेषिकांचा पीलुपाकवाद आणि नैयायिकांचा पिठरपाकवाद असा सूक्ष्म कलह झाला. ज्याला अवयवच नाहीत अशा परमाणूचा दुसऱ्या परमाणूशी संयोग कोणत्या बाजूने होणार, हा प्रश्न बौद्ध वसुबंधूने विचारला आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात शंकराचार्यांनीही परमाणुवादाचा समाचार घेतला. ही चर्चा थोर आहे. पण तीत कोणी परमाणू तोलून पाहिला नाही.

तोलला तो जॉन डाल्टनने. 1808 साली त्याच्या रसायनविषयक ग्रंथाचा पहिला भाग आला. द्रव्य अणूंचे बनलेले असते, यात नवे काही नव्हते. ग्रीकांनी ते सांगून झाले होते. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचे ठरलेले वजन असते, आणि संयुग बनताना अणू पूर्णांकांच्या प्रमाणात एकत्र येतात, हे नवे होते. हायड्रोजनचे वजन 1 धरले तर ऑक्सिजनचे किती? डाल्टनने 1808 मध्ये 7 सांगितले. आपण आज 16 म्हणतो. त्याच्या मोजमापात थोडी चूक होती, पण मोठी चूक तर्कात होती. पाण्यात हायड्रोजनचा एकच आणि ऑक्सिजनचा एकच अणू असतो असे त्याने गृहीत धरले होते. 1811 मध्ये आव्होगाद्रोने अणू आणि रेणू यांतला भेद मांडून हा गुंता सोडवण्याची वाट दाखवली, पण त्याचे शब्दच असे होते, की 'मोलेक्यूल' हे एकच नाम निरनिराळ्या विशेषणांसह तो दोन्हींसाठी वापरी. डाल्टन तर 'संयुक्त अणू' म्हणे. सुमारे अर्धशतक युरोपातले रसायनशास्त्रज्ञ एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रे लिहीत राहिले. अखेर 1860 च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे परिषद भरली आणि तिथे कॅनिझारोच्या पुस्तिकेने अणू वेगळा व रेणू वेगळा हा भेद रूढ होण्याचा मार्ग मोकळा झाला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की 'मराठीत परिभाषेचा गोंधळ आहे' ही तक्रार करताना आपण समजतो की मूळ युरोपीय परिभाषा स्वच्छ होती. ती नव्हती. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले, तेव्हा अणू कशाला म्हणावे आणि रेणू कशाला, यावर खुद्द युरोपातच एकमत व्हायचे होते. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारखे लेखक रसायनशास्त्राची पुस्तके मराठीत लिहू लागले, तेव्हा ते ताज्या सारवलेल्या जमिनीवरच पाऊल ठेवत होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी विद्वानांच्या लेखणीत 'परमाणु' हाच शब्द आहे. त्याचा सर्वांच्या परिचयाचा दाखला म्हणजे 'गीतारहस्य'. त्यातील कापिलसांख्यशास्त्राच्या प्रकरणात टिळक कणादांच्या परमाणुवादापासून सुरुवात करतात आणि पाश्चात्त्य रसायनशास्त्रज्ञांच्या मतांचाही परामर्श घेतात. दोहोंसाठी शब्द एकच. टिळकांनी ग्रंथाचा खर्डा मंडालेच्या तुरुंगात लिहिला तो 1910-11 च्या हिवाळ्यात. त्याच 1911 च्या मे महिन्यात अर्नेस्ट रदरफर्डचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि 'परमाणु' या शब्दातल्या 'परम'चा आधार कायमचा गेला.

तो आधार डळमळायला लागून तशी चौदा वर्षे झाली होती. 1897 मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला: अणूहून कितीतरी हलका, आणि कोणत्याही मूलद्रव्यातून तोच तो बाहेर पडणारा. अणू अखंड नाही, त्यालाही पोट आहे, हे सिद्ध झाले. थॉमसनने कल्पना केली, की धनप्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतून बसलेले असावेत. इंग्रजी पुस्तके या चित्राला एका विलायती पुडिंगाचे नाव देतात. परळच्या शाळेत ते पुडिंग कोणी खाल्लेले नव्हते, तेव्हा आमच्या सरांनी कलिंगड सांगितले: लाल गर म्हणजे धनप्रभार आणि बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. हे कलिंगड रदरफर्डच्या प्रयोगशाळेत फुटले. त्याचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या अतिशय पातळ वर्खावर अल्फा कण सोडले. बहुतेक कण सरळ आरपार गेले; मात्र सुमारे आठ हजारांत एखादा उलटून मागे आला. याचा अर्थ, अणूचे जवळजवळ सगळे वजन मधोमध एका चिमुकल्या जागेत एकवटले आहे आणि बाकी सारी पोकळी आहे. शिवाजी पार्कचे अख्खे मैदान म्हणजे हायड्रोजनचा एक अणू मानला, तर त्याचे केंद्रक मैदानाच्या मध्यावर ठेवलेल्या मुगाच्या दाण्याएवढे होईल. मग हे ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन केंद्रकात कोसळत का नाहीत? 1913 मध्ये नील्स बोरने ठरावीक ऊर्जेच्या कक्षांची कल्पना मांडून त्याचे पहिले उत्तर दिले. पुढे पुंजयामिकीने त्या कक्षाही पुसट केल्या. 1932 मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधला आणि शाळेच्या फळ्यावर आपण काढतो ते चित्र पुरे झाले.

एक गंमत इथे नोंदवावीशी वाटते. अणू फुटला 1897 मध्ये. पण तो मुळात आहे, हे सर्वांनी मान्य केले त्याच्या नंतर! ओस्टवाल्डसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञ 1909 पर्यंत अणूला सोयीची कल्पना मानत होता. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची अखंड थरथर आईन्स्टाईनने 1905 मध्ये रेणूंच्या धडकांनी स्पष्ट केली आणि पेरँने पुढच्या काही वर्षांत ती मोजून दाखवली, तेव्हा कुठे त्याची शंका फिटली. झरोक्यातल्या त्रसरेणूचाच हा प्रयोगशाळेतला दूरचा नातलग म्हणायचा.

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतला 'अॅटम' ग्रीकमधून आला. त्याचा अर्थ 'न कापता येणारा'. 1897 नंतर हे नाव खोटे झाले, तरी रूढीने टिकले. आपला 'परमाणु'ही त्याच अर्थाने खोटा ठरतो, कारण तो 'याच्यापुढे लहान काही नाही' असा दावा करतो. याउलट 'अणु' कसलाच दावा करत नाही. त्याचा अर्थ नुसता 'बारीक'. उपनिषदात धान्यांची नावे येतात, त्यांत एका बारीक धान्याचे नावच अणु आहे. अणू फुटला तरी तो बारीकच राहिला. शब्दाला खोटे पडावे लागले नाही. मराठीने 'अणू' निवडला तेव्हा हा विचार कोणी केला होता असे मी म्हणणार नाही. पण निवड झाली ती या दृष्टीने सुदैवी झाली.

मग 'रेणू' कुठून आला? संस्कृतात रेणु म्हणजे धूळ. मराठी कानाला 'अणुरेणू' ही जोडी जुनी आहे, आणि ती रुजवण्यात तुकारामांचा वाटा मोठा आहे. अणुरेणूहून लहान आणि आकाशाएवढे मोठे असे स्वतःचे वर्णन करणारा त्यांचा अभंग भीमसेन जोशींच्या आवाजात घरोघर पोचला. या अभंगाच्या पहिल्या शब्दाचा पाठ मात्र डळमळीत आहे. छापील प्रतींत आणि गायनात 'अणुरेणीया', 'अणुरणीया' अशी रूपे आढळतात. कठोपनिषदात आत्म्याला सूक्ष्माहून सूक्ष्म आणि महानाहून महान म्हटले आहे. तिथले 'अणोरणीयान्' हे रूप तुकारामांच्या मनात असावे, हे अर्थावरूनही पटते. तसे असेल तर अभंगात 'रेणु' मुळातच नाही. तो आपल्या कानांनी घातला. 'बारीक' आणि 'अधिक बारीक' अशा तुलनेतून 'बारीक' आणि 'धूळ' अशी जोडी जन्मली. रसायनशास्त्राला जेव्हा दोन सूक्ष्म वस्तूंसाठी दोन नावे हवी होती, तेव्हा मराठीच्या जिभेवर ही जोडी तयार होती. हा माझा तर्क आहे आणि तो मी तर्क म्हणूनच मांडतो. पण संस्कृत पंडिताने परिभाषा केली असती तर ती 'परमाणु-अणु' अशीच झाली असती, आणि 'अणू-रेणू' ही जोडी कीर्तनातून आलेल्या कानालाच सुचू शकते, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

दुसरा रेटा वर्तमानपत्रांचा. 1945 च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली आणि 'अणुबॉम्ब' हा शब्द ज्याने रसायनशास्त्राचे एक पान उलटले नव्हते त्याच्याही तोंडी आला. मथळ्यात आखूड शब्द जिंकतो, हे छापखान्याजवळ वाढलेल्याला वेगळे सांगायला नको. हिंदीतही त्या काळी 'अणु बम' मुबलक चालला.

योगायोग असा, की हिरोशिमाच्या दोनच महिने आधी, 1945 च्या जूनमध्ये, होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू झाली होती आणि वर्षअखेर ती मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. 1944 च्या मार्चमध्येच भाभांनी टाटा विश्वस्तांना लिहिले होते, की एक-दोन दशकांनी अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. संस्था 1949 मध्ये गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली आणि 1962 मध्ये कुलाब्याला स्थिरावली. तिकडे तुर्भ्याला 1956 च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणुविज्ञानाचा भारतातला पत्ता मुंबई ठरला, आणि शब्दांचा घोळही सरकारी पाटीवर चढला. केंद्र सरकारच्या या खात्याचे हिंदी नाव 'परमाणु ऊर्जा विभाग'. ते ज्या इमारतीत आहे तिचे नाव 'अणुशक्ति भवन'. आणि कर्मचाऱ्यांची वसाहत 'अणुशक्तीनगर'. शास्त्रीय हिंदीचा काटेकोर अर्थ लावला तर परमाणूंचा कारभार रेणूंच्या इमारतीतून चालतो! कोणाचे काही अडलेले नाही, हेही खरेच. संज्ञा काटेकोर असावी लागते ती शास्त्रात; पत्त्यात नव्हे.

स्वातंत्र्यानंतर डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंपासून सबंध परिभाषा घडवली. त्यात हायड्रोजन 'उदजन' झाला, ऑक्सिजन 'जारक' आणि रेणू 'व्यूहाणु'. पद्धत म्हणून ती निर्दोष होती आणि भाषा म्हणून निर्जीव. मराठीने, सुदैवाने म्हणावे लागेल, मधला रस्ता धरला: मूलद्रव्य, संयुग, संयुजा, केंद्रक, समस्थानिक हे शब्द घडवले आणि इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, ऑक्सिजन जसेच्या तसे घेतले. 1960 नंतर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, 1966 मध्ये मुंबईत स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद, 1967 ची 'बालभारती' यांनी ही घडी बसवली. 1976 मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आला, त्यात 'अणु' ही संज्ञा आधुनिक अर्थाने आहे. आणि त्या संज्ञेपासून 'आणवीय', रेणूपासून 'रेणवीय' अशी विशेषणे कोशाने बिनधास्त चालवली. विश्वकोशाचे प्रमुख संपादक होते लक्ष्मणशास्त्री जोशी, म्हणजे न्यायशास्त्रातले 'तर्कतीर्थ'. परमाणुवाद ज्यांना मुखोद्गत असणार त्यांच्याच देखरेखीखाली परमाणूने ती जागा अणूला दिली, हे दृश्य मला विलक्षण वाटते.

या निवडीची किंमत आपण मोजतो आहोत, हेही सांगायला हवे. एम.ए.च्या वर्गात 'गीतारहस्य'मधील तो भाग वाचत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, परमाणू म्हणजे अणूपेक्षा लहान. मग प्रोटॉन का?" शब्दाच्या घडणीवरून काढलेला निष्कर्ष म्हणून त्याच्या प्रश्नात काही चूक नव्हती. शंभर वर्षांपूर्वीचे मराठी गद्य त्याच्यासाठी या एका शब्दापाशी परभाषा झाले होते. आपल्या जुन्या वैचारिक ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढताना अशा शब्दांवर टीप द्यायची पद्धत आपल्याकडे नाही. ती असायला हवी.

पण याहून मोठी किंमत दुसरीकडे मोजली जाते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात परळची एक विद्यार्थिनी होती. दहावीला विज्ञानात तिला उत्तम गुण होते, मराठी माध्यमातून. अकरावीला विज्ञान घेतले आणि सहा महिन्यांत सोडले. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, मला सगळं येत होतं. पण वर्गात नाव निघायचं तेव्हा ते कशाचं नाव आहे हेच कळायचं नाही." रेणू, संयुजा, समस्थानिक: कोश आणि पाठ्यपुस्तके घडवणाऱ्या दोन पिढ्यांनी तोलूनमापून तयार केलेले शब्द दहावीच्या निकालाच्या दिवशी तिच्यापुरते संपले. तिने मराठीत एम.ए. केले. चांगले केले.

2018 साली आठवीचे नवे सामान्य विज्ञान आले. त्यातल्या 'अणूचे अंतरंग' या धड्यात मराठी संज्ञांच्या शेजारी कंसात इंग्रजी प्रतिशब्द दिलेले आहेत. ते पाहिल्यावर पुस्तक मी तिला दाखवायला नेले. तिने पाने उलटली, एका कंसावर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे एवढंच हवं होतं. पण मला वाटतं, कंसात मराठी जायला फार वर्षं लागणार नाहीत."